साध्या भाषेचे वक्तृत्व : सतराव्या शतकातील इंग्लंडमधील चेटूकविषयक वादाचा अभ्यास

प्रस्तावना :

आधुनिक युरोपच्या प्रारंभकाळाचे वर्णन पाठ्यपुस्तकांतून बहुधा एकाच रूपकाने केले जाते. विज्ञानाचा सूर्य उगवला आणि जादू, चेटूक व अंधश्रद्धा यांचा अंधार ओसरला, हे ते रूपक होय. कालगणना मात्र या रूपकाला फारशी साथ देत नाही. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये आणि न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. चेटकिणींवरील खटल्यांचा युरोपातील सर्वाधिक भर नेमका याच दोन वर्षांच्या दरम्यानचा आहे. अभ्यासकांच्या आजच्या अंदाजानुसार पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात सुमारे ४० ते ५० हजार व्यक्तींना या आरोपाखाली देहान्त शासन झाले. इंग्लंडमधील आकडा सुमारे ५०० मानला जातो. बळी गेलेल्यांत बहुसंख्या स्त्रियांची होती.

त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, इंग्लंडमध्ये चेटकिणींच्या अस्तित्वाचे सर्वांत समर्थ मंडन एका रॉयल सोसायटीच्या सदस्याने केले, तर त्याचे सर्वांत सविस्तर खंडन करणारा वैद्य स्वतः नैसर्गिक जादूवर विश्वास ठेवणारा होता. ‘विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा’ अशी सरळ मांडणी येथे लागू पडत नाही. मग हा वाद कोणत्या बळावर लढला गेला आणि कोणत्या बळावर संपला, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचे उत्तर वादाच्या भाषेत शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

‘ऱ्हेटरिक’ या संज्ञेसाठी मराठीत वक्तृत्वशास्त्र हा शब्द रूढ आहे. परंतु त्यातून केवळ भाषणकलेचा बोध होतो. येथे ती संज्ञा अधिक व्यापक अर्थाने घेतली आहे. श्रोत्याला वा वाचकाला एखादी गोष्ट पटवून देण्यासाठी शब्द, दृष्टान्त, साक्ष, उपाधी आणि मौन यांचा जो योजनापूर्वक उपयोग केला जातो, तो सर्व वक्तृत्वाच्या कक्षेत येतो.

उद्दिष्टे :

१) इंग्लंडमधील १५८४ ते १७३६ या काळातील चेटूकविषयक वादाचे प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२) नव्या विज्ञानाने पुरस्कारलेल्या ‘साध्या भाषे’चा या वादात कसा उपयोग झाला, याचा शोध घेणे.
३) साक्ष आणि साक्षीदार यांच्या विश्वासार्हतेची घडण कशी झाली, हे पाहणे.
४) भाषेतील या बदलाचा आरोपी व्यक्तींच्या जीवनाशी असलेला संबंध तपासणे.

गृहीतक :

अलंकाराचा त्याग करून केवळ वस्तुस्थिती सांगतो, असा दावा हाही वक्तृत्वाचाच एक प्रकार होता आणि तो चेटकावर विश्वास ठेवणारे व न ठेवणारे अशा दोन्ही पक्षांना सारखाच उपलब्ध होता, हे प्रस्तुत लेखाचे गृहीतक आहे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तत्कालीन वादग्रंथ आणि खटल्यांचे मुद्रित वृत्तान्त यांचा आशय विचारात घेऊन त्याला आधुनिक इतिहासकारांच्या विवेचनाची जोड दिली आहे.

१. वादाची पार्श्वभूमी : स्कॉट आणि राजा जेम्स

या वादाची सुरुवात इंग्लंडच्या बाहेर झाली. क्लीव्हच्या ड्यूकचा वैद्य योहान वायर याने १५६३ मध्ये लॅटिन ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, चेटकीण म्हणून पकडल्या जाणाऱ्या बहुतेक स्त्रिया वृद्ध व विषण्णतेच्या विकाराने ग्रस्त असून त्यांना शिक्षेची नव्हे, तर उपचारांची गरज आहे. फ्रेंच विधिज्ञ जाँ बोदँ याने १५८० मध्ये त्यावर कठोर हल्ला चढविला. केंट परगण्यातील रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ मध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून हा वाद इंग्रजीत आणला.

स्कॉटच्या युक्तिवादात तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे त्याने शब्दार्थावर दिलेला भर. बायबलमधील ज्या आज्ञेच्या आधारे चेटकिणींना जिवंत ठेवू नये असे म्हटले जाई, त्या आज्ञेतील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘विषप्रयोग करणारी’ असा होतो, असे त्याने दाखविले. दुसरी गोष्ट म्हणजे हातचलाखीच्या खेळांचे त्याने केलेले सविस्तर वर्णन. गारुड्याची करामत कशी केली जाते, हे कळले की तिच्यातील भय नाहीसे होते, हे त्याने ओळखले होते. तिसरी गोष्ट त्याच्या काळाशी निगडित आहे. चेटकावरील विश्वासाला त्याने पोपपंथीय भोळेपणाच्या पंक्तीला नेऊन बसविले. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये एखाद्या मताला ‘पोपपंथी’ ठरविणे हा ते मत खोडून काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता. म्हणजे करुणेने प्रेरित झालेल्या या ग्रंथालाही एका प्रचलित द्वेषाचा आधार घ्यावा लागला.

स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५९७ मध्ये ‘डेमनॉलजी’ हा ग्रंथ लिहून प्रस्तावनेतच स्कॉट व वायर यांचा नावानिशी निषेध केला. हा ग्रंथ संवादरूप आहे. फिलोमाथीस शंका विचारतो आणि एपिस्टेमॉन त्यांचे निरसन करतो. भारतीय वादपरंपरेत पूर्वपक्ष जितका समर्थपणे मांडला जाईल तितके उत्तरपक्षाचे मोल वाढते. जेम्सच्या संवादातील शंकाकार मात्र समाधान करून घेण्यासाठीच शंका विचारतो. जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला आणि १६०४ मध्ये चेटूकविरोधी कायदा अधिक कडक झाला. ग्रंथातील वादाला आता कायद्याचे पाठबळ लाभले.

२. शब्द आणि वस्तू : भाषेविषयीचा मूलभूत मतभेद

या वादाच्या मुळाशी भाषेच्या स्वरूपाविषयीचा एक मतभेद होता. पॅरासेल्ससपासून याकोब ब्योमेपर्यंतच्या गूढवादी परंपरेत शब्द व वस्तू यांत आंतरिक नाते मानले जाई. आदिमानव ॲडमने प्राण्यांना दिलेली नावे त्यांच्या स्वभावाचेच प्रकटीकरण होती. ती आदिभाषा पुन्हा हाती आल्यास निसर्गावर सत्ता मिळेल, अशी ही श्रद्धा होती. याउलट नव्या तत्त्वज्ञानाच्या पुरस्कर्त्यांच्या मते शब्द हा केवळ मनुष्यांनी ठरविलेला संकेत होता. शब्दार्थसंबंध नित्य मानणारे मीमांसक आणि तो संकेतजन्य मानणारे नैयायिक यांच्यातील वाद परिचित असलेल्या वाचकाला या मतभेदाचे गांभीर्य सहज लक्षात येईल. संदर्भ भिन्न असले तरी प्रश्नाचे स्वरूप जवळचे आहे.

जॉन वेब्स्टर याने १६५४ मध्ये ‘अकॅडेमियारम एक्झामेन’ या पुस्तकात विद्यापीठांवर टीका करून तेथे बेकनच्या प्रयोगपद्धतीबरोबरच नैसर्गिक जादू व निसर्गाची आदिभाषा यांचेही अध्यापन व्हावे, अशी मागणी केली. सेथ वॉर्ड व जॉन विल्किन्स यांनी त्याच वर्षी त्याला उत्तर देताना बेकन आणि गूढवादी यांना एका दावणीला बांधण्यातील विसंगती दाखविली. याच विल्किन्सने पुढे १६६८ मध्ये प्रत्येक कल्पनेसाठी एकच निश्चित चिन्ह असलेल्या तात्त्विक भाषेचा आराखडा प्रसिद्ध केला. ब्रायन व्हिकर्स यांनी १९८४ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात या मतभेदाचे नेमके वर्णन आढळते. गूढवादी उपमेलाच तादात्म्य समजतात, तर नव्या विज्ञानाने उपमेला उपमाच राहू दिले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रायन स्टार्क यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला असून, साध्या शैलीच्या पुरस्कर्त्यांचा रोष सर्व अलंकारांवर नसून शब्दांत अद्भुत सामर्थ्य आहे या समजुतीवर होता, असे दाखविले आहे.

३. रॉयल सोसायटी आणि ‘साधी भाषा’

रॉयल सोसायटीची स्थापना १६६० मध्ये झाली व १६६२ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. कोणाच्याही शब्दावर विसंबू नये, या आशयाचे तिचे बोधवाक्य म्हणजे शब्दप्रामाण्याला दिलेला नकारच होता. थॉमस स्प्रॅट याने १६६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सोसायटीच्या इतिहासात अलंकारिक भाषेचा त्याग करून गणितासारख्या स्वच्छ, कारागीर व व्यापारी यांच्या बोलण्याला जवळच्या भाषेचा आग्रह धरला.

या आग्रहाची कारणे केवळ शास्त्रीय नव्हती. १६४२ ते १६५१ या काळात इंग्लंड यादवी युद्धात होरपळले होते. राजाचा शिरच्छेद झाला होता. आपल्या अंगी ईश्वरी प्रेरणा संचारली आहे, असे सांगणाऱ्या अनेक पंथांचे उपदेशक भावनोत्कट भाषेने जनसमुदाय हलवीत होते. अशा संचाराला तत्कालीन इंग्रजीत ‘एन्थुझियाझम’ असे म्हणत आणि तो शब्द निंदाव्यंजक होता. रूपकांनी माणसे पेटतात, हा त्या पिढीचा अनुभव होता. सॅम्युएल पार्कर या सोसायटीच्या सदस्याने तर धर्मोपदेशकांच्या रूपकांना आळा घालण्यासाठी संसदेने कायदा करावा, अशीही सूचना १६७० च्या सुमारास केली. साधी भाषा ही अशा रीतीने शांततेची, राजनिष्ठेची आणि सभ्यतेची खूण बनली.

अलंकाराचा निषेध करणारे हे लेखन स्वतः मात्र अलंकारमुक्त नव्हते. स्प्रॅटच्या गद्यात रूपकांची रेलचेल आहे. थॉमस हॉब्जने १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये रूपकांवर टीका केली, परंतु त्या ग्रंथाचे शीर्षकच एक भव्य रूपक आहे. निरलंकारतेचा दावा आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील हे अंतर पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

४. जोसेफ ग्लॅनव्हिल : वस्तुस्थितीच्या भाषेत चेटकाचे मंडन

जोसेफ ग्लॅनव्हिल (१६३६-१६८०) हा अँग्लिकन धर्मगुरू १६६४ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच्या शैलीचा प्रवास या विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १६६१ मध्ये त्याने ‘द व्हॅनिटी ऑफ डॉग्मटायझिंग’ हा ग्रंथ लिहिला. तो अत्यंत अलंकारप्रचुर होता. १६६५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ‘सेप्सिस सायंटिफिका’ या नावाने सोसायटीला अर्पण करताना त्याने पूर्वीच्या नटव्या शैलीविषयी नापसंती दर्शविली. १६७६ मध्ये तोच मजकूर संक्षिप्त होऊन निबंधरूपाने आला, तेव्हा त्यातील बरेचसे अलंकरण गळून पडले होते. आर. एफ. जोन्स यांनी १९३० मध्ये या तीन पाठांची तुलना करून विज्ञानाने इंग्रजी गद्य कसे बदलले, याचा तो आदर्श नमुना असल्याचे दाखविले.

तथापि, याच काळात हाच लेखक चेटकिणींच्या अस्तित्वाचे मंडन करीत होता, ही बाब शैलीच्या इतिहासात बऱ्याचदा दुय्यम ठरते. त्याचा या विषयावरील पहिला ग्रंथ १६६६ मध्ये निघाला. १६६८ मध्ये तो ‘अ ब्लो ॲट मॉडर्न सॅड्युसिझम’ या नावाने वाढवून प्रसिद्ध झाला आणि त्याच्या मृत्यूनंतर हेन्री मोर याने १६८१ मध्ये ‘सॅड्युसिस्मस ट्रायम्फॅटस’ हे बृहद् संकलन संपादित केले.

ग्लॅनव्हिलच्या युक्तिवादाची रचना नव्या विज्ञानाच्या धर्तीवर आहे. चेटकिणी आहेत की नाहीत, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. त्याचा निर्णय इंद्रियांच्या प्रत्यक्षाने व विश्वसनीय साक्षीने व्हावयास हवा. ‘असे घडूच शकत नाही’ असे आधीच ठरविणे हाच खरा दुराग्रह होय, अशी त्याची भूमिका होती. कारण समजत नाही म्हणून परिणाम नाकारता येत नाही. चुंबकाचे कारण तरी कोणाला पूर्णपणे कळले आहे, या स्वरूपाचा हा युक्तिवाद होता. चेटकाच्या कथा विचित्र वाटतात, या आक्षेपालाही त्याने उलटवून लावले. कोणी कथा रचली असती तर ती अधिक विश्वसनीय रचली असती; म्हणून तिची असंबद्धता हाच तिच्या सत्यतेचा पुरावा होय, असे त्याचे म्हणणे होते. बेकनने १६०५ मध्येच चेटकाचे वृत्तान्त निसर्गाच्या नोंदींतून वगळू नयेत, असे सुचविले होते. ग्लॅनव्हिलने आत्म्यांच्या सृष्टीची तुलना अद्याप पुरते सर्वेक्षण न झालेल्या अमेरिका खंडाशी केली आणि तिच्याही पद्धतशीर शोधाची अपेक्षा बाळगली. रूपकांचा त्याग केलेल्या लेखकाचे हे रूपक त्याच्या साऱ्या प्रकल्पाचे सार सांगते.

टिडवर्थ येथील ढोलाचे प्रकरण हे या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. विल्टशरमधील जॉन मॉम्पेसन याने विल्यम ड्रूरी नावाच्या एका भटक्या ढोलवादकाला खोट्या परवान्यावरून पकडून त्याचा ढोल जप्त केला. त्यानंतर मॉम्पेसनच्या घरात रात्री ढोलाचे व खरवडण्याचे आवाज येऊ लागले. १६६३ च्या जानेवारीत ग्लॅनव्हिल स्वतः तेथे गेला. मुलींच्या बिछान्याजवळ येणाऱ्या आवाजाच्या जागी त्याने हात घालून पाहिला, खोली तपासली आणि लबाडीच्या सर्व शक्यतांचा विचार केला, असे तो लिहितो. त्याच्या वृत्तान्तात स्थळ, वेळ, साक्षीदारांची प्रतिष्ठा आणि यजमानाला झालेले नुकसान यांची नोंद एखाद्या प्रयोगाच्या टिपणासारखी केलेली आहे. स्टीव्हन शेपिन व सायमन शाफर यांनी १९८५ मधील आपल्या ग्रंथात रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगवृत्तान्तांचे विश्लेषण करताना, तपशिलांच्या गर्दीने दूरस्थ वाचकालाच साक्षीदार बनविण्याच्या तंत्राकडे लक्ष वेधले आहे. ग्लॅनव्हिलने तेच तंत्र हवेच्या पंपाऐवजी पछाडलेल्या घरासाठी वापरले.

राजाने पाठविलेल्या दरबारी मंडळींना तेथे काहीच ऐकू आले नाही. त्यावर ग्लॅनव्हिलचे उत्तर असे की, काहींना न ऐकू येण्याने इतरांनी ऐकलेले खोटे ठरत नाही. मॉम्पेसनने फसवणूक कबूल केल्याची अफवा उठली, तेव्हा त्याची ती नाकारणारी पत्रे छापण्यात आली. बॉइलनेही १६७७ मध्ये ग्लॅनव्हिलला पत्राने सावध केले की, संशयास्पद कथांनी मूळ पक्षाचीच हानी होते. म्हणून निवडक व पूर्ण प्रमाणित वृत्तान्तच द्यावेत. येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. मॉम्पेसन सभ्य गृहस्थ म्हणून त्याची साक्ष ग्राह्य होती. ड्रूरी भटका होता. त्याच्या तोंडची तुरुंगातील बढाई तेवढी पुरावा म्हणून नोंदली गेली.

ग्लॅनव्हिल व मोर यांच्या भात्यात याखेरीज आणखी एक अस्त्र होते. ते म्हणजे ‘सॅड्युसी’ ही उपाधी. सॅड्युसी हा पुनरुत्थान व आत्म्यांचे अस्तित्व नाकारणारा प्राचीन ज्यू पंथ होता. चेटकीण नाकारणारा उद्या आत्मा नाकारील आणि परवा ईश्वर, अशी ही घसरणीची पायरी मोरने १६५३ च्या ‘ॲन अँटिडोट अगेन्स्ट एथिइझम’पासून मांडली होती. प्रतिपक्षाला त्यामुळे प्रथम आपण नास्तिक नाही हे सिद्ध करावे लागे आणि मूळ मुद्दा मागे पडे.

५. जॉन वेब्स्टर : प्रश्न विचारण्याचा अधिकार

ग्लॅनव्हिलला सविस्तर उत्तर दिले ते जॉन वेब्स्टर याने. पूर्वी बंडखोर धर्मोपदेशक असलेला वेब्स्टर आता लँकशरमधील क्लिथरो येथे वैद्यकी करीत होता. त्याचा ‘द डिस्प्लेइंग ऑफ सपोज्ड विचक्राफ्ट’ हा ग्रंथ १६७७ मध्ये रॉयल सोसायटीचे उपाध्यक्ष जोनास मूर यांच्या मुद्रणानुमतीने निघाला. चेटकाचे मंडन व खंडन अशा दोन्ही पक्षांच्या ग्रंथांवर एकाच संस्थेची छाया होती, हे यावरून स्पष्ट होते.

वेब्स्टर देवदूत, पिशाचदर्शन, खुन्याच्या स्पर्शाने प्रेतातून रक्त वाहणे इत्यादी गोष्टी मानत होता. त्याने नाकारल्या त्या चार-पाच नेमक्या गोष्टी : सैतानाशी प्रत्यक्ष करार, त्याच्याशी शरीरसंबंध, त्याला रक्त पाजणे आणि मांजर वा कुत्र्याचे रूप धारण करणे. जगात विष देणारे व फसविणारे लोक आहेत, हे त्याला मान्य होते. चेटकीण नाकारल्याने आत्मा नाकारला जातो, हे अनुमानच तर्कदुष्ट आहे, असे सांगून त्याने घसरणीची पायरी मोडून काढली.

त्याच्या ग्रंथातील सर्वांत प्रभावी भाग मात्र शास्त्रार्थाचा नसून एका आठवणीचा आहे. १६३३-३४ मध्ये पेंडल परिसरात एडमंड रॉबिन्सन नावाच्या सुमारे दहा-अकरा वर्षांच्या मुलाने अनेक स्त्रियांवर चेटकाचा आरोप केला. त्या दोषी ठरल्या. त्या मुलाला गावोगावच्या चर्चमधून चेटकिणी ओळखण्यासाठी फिरविले जाऊ लागले व त्याचे पैसेही मिळू लागले. वेब्स्टर तेव्हा किल्डविक येथे तरुण धर्मोपदेशक होता. त्याने मुलाला विचारले की, हे तू खरेच पाहिलेस, की कोणी शिकविले? सोबतच्या माणसांनी मुलाला ओढून नेले आणि दोन न्यायाधीशांनीही हा प्रश्न विचारला नव्हता, असे वेब्स्टरला सुनावले. तसे असेल तर आरोपींवर अधिकच अन्याय झाला आहे, असे वेब्स्टरने उत्तर दिले. पुढे लंडनमध्ये चौकशी झाली, काही स्त्रियांची वैद्य व सुइणींकडून तपासणी करण्यात आली आणि सर्व कथा रचलेली असल्याचे मुलाने कबूल केले.

साध्या भाषेची दोन रूपे येथे समोरासमोर येतात. ग्लॅनव्हिलची साधी भाषा साक्षीदाराची प्रतिष्ठा सांगते. वेब्स्टरची साधी भाषा साक्षीदाराला प्रश्न विचारते. शैली एकच असली तरी त्यांतील नैतिक अंतर मोठे आहे.

६. बरी सेंट एडमंड्स, १६६२ : प्रयोग फसला, शिक्षा झाली

ग्रंथांतील या वादाचा प्रत्यक्ष माणसांच्या जीवनाशी काय संबंध होता, हे बरी सेंट एडमंड्स येथील खटल्यावरून दिसते. लोस्टॉफ्ट येथील ॲमी डेनी व रोझ कलेंडर या दोन विधवांवर मुलांना झटके आणल्याचा आरोप होता. न्यायाधीश मॅथ्यू हेल हे आपल्या निःपक्षपातीपणाबद्दल विख्यात होते. साक्षीसाठी आलेला वैद्य थॉमस ब्राउन हा चुकीच्या लोकसमजुतींवर ग्रंथ लिहिणारा विद्वान होता. झटके नैसर्गिक असले तरी चेटकिणींच्या दुष्टाव्याला सैतानाचे साहाय्य लाभून ते तीव्र झाले असावेत, असे मत त्याने दिले.

सार्जंट केलिंग यांच्यासह काही उपस्थित या पुराव्यावर असमाधानी होते. म्हणून न्यायालयात एक चाचणी घेण्यात आली. आरोपी स्त्रीच्या स्पर्शाने मुलीची वळलेली मूठ उघडते, असे सांगितले जात होते. मुलीचे डोळे कापडाने झाकले गेले आणि दुसऱ्याच स्त्रीला स्पर्श करावयास लावले. मुलीने तसाच प्रतिसाद दिला. चाचणी पाहणारे गृहस्थ ही फसवणूक असल्याचे मत घेऊन परतले. प्रयोगाचा निष्कर्ष याहून स्पष्ट असू शकत नव्हता. परंतु मुलीच्या वडिलांनी खुलासा केला की, आपल्याला चेटकिणीनेच स्पर्श केला, या समजाने मुलगी फसली असावी. न्यायालयाने हा खुलासा ऐकून घेतला. चेटकिणी असतात याविषयी आपल्याला शंका नाही, कारण पवित्र ग्रंथ व सर्व राष्ट्रांचे कायदे तसे सांगतात, असे हेल यांनी ज्यूरीला सांगितले. ज्यूरीने अर्ध्या तासात दोघींना दोषी ठरविले. दोघींनी अखेरपर्यंत गुन्हा कबूल केला नाही. त्यांना फाशी देण्यात आले.

या खटल्याचा वृत्तान्त १६८२ मध्ये छापला गेला आणि १६९२ च्या सेलम येथील खटल्यांच्या वेळी अमेरिकेतील कॉटन मॅदर याने तो आदर्श म्हणून पुढे ठेवला. फसलेला प्रयोगही त्यात नोंदलेला होता. तरी वाचकांनी घेतला तो निकाल. आप्तवाक्य आणि प्रयोग यांत विसंगती आली तेव्हा प्रयोगाला अर्थ देण्याचा अधिकार प्रतिष्ठितांच्याच हाती राहिला. ॲमी डेनी व रोझ कलेंडर यांचे स्वतःचे म्हणणे या वृत्तान्तात जवळजवळ नाही.

७. वादाची अखेर : हचिन्सन आणि १७३६ चा कायदा

१७१२ मध्ये हर्टफर्डशरमधील जेन वेनम ही चेटकाबद्दल दोषी ठरलेली इंग्लंडमधील अखेरची स्त्री होय. न्यायाधीश पॉवेल यांनी तिची शिक्षा स्थगित करविली व तिला माफी मिळाली. या प्रकरणावर पुस्तिकांचे युद्ध झाले. फ्रान्सिस हचिन्सन या धर्मगुरूने तिची भेट घेतली आणि १७१८ मध्ये ‘ॲन हिस्टॉरिकल एसे कन्सर्निंग विचक्राफ्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

हचिन्सनचा ग्रंथही संवादरूप आहे. परंतु जेम्सच्या संवादातील गुरु-शिष्यांच्या जागी येथे धर्मगुरू, वकील आणि ज्यूरीतील नागरिक आहेत. ज्याला प्रत्यक्ष निकाल द्यावयाचा आहे, तो सामान्य माणूस प्रथमच वादाचा श्रोता झाला. चेटकिणी आहेत की नाहीत, यापेक्षा या पुराव्यावर एखाद्याला फाशी देता येईल काय, असा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला गेला. हचिन्सनने खटल्यांची कालानुक्रमे यादी देऊन, कायदे व ग्रंथ यांनी जेथे भय पोसले तेथेच चेटकिणींची संख्या वाढते, हे दाखविले. ग्रंथाला त्याने देवदूतांच्या व ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ दोन प्रवचने जोडली. ‘सॅड्युसी’ ही उपाधी आपल्याला चिकटू नये, याची ही तजवीज होती. शंभर वर्षांहून अधिक काळ जोडलेली चेटूक आणि धर्म यांची गाठ एका धर्मगुरूनेच सोडविली.

मायकल हंटर यांनी २०२० मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, जादूवरील विश्वासाच्या ऱ्हासाचे श्रेय रॉयल सोसायटीला फारसे देता येत नाही. संस्था म्हणून तिने या विषयावर मौन पाळले. कॉफीगृहांतील टवाळखोर व स्वतंत्र विचारांचे लोक यांनी पसरविलेला उपहास अधिक परिणामकारक ठरला. ग्लॅनव्हिल ज्या थट्टेविषयी तक्रार करीत असे, तीच थट्टा अठराव्या शतकात सुशिक्षितांची सहजवृत्ती झाली.

१७३६ मध्ये जुना कायदा रद्द झाला. नव्या कायद्याने चेटूक ‘करणे’ हा गुन्हा राहिला नाही. चेटूक करता येते असा ‘बहाणा’ करणे हा गुन्हा ठरला. एका क्रियापदाच्या बदलाने दीडशे वर्षांचा वाद कायद्यापुरता मिटला.

निष्कर्ष :

१) इंग्लंडमधील चेटूकविषयक वाद हा विज्ञान व अंधश्रद्धा या दोन स्पष्ट छावण्यांतील संघर्ष नव्हता. ग्लॅनव्हिल व वेब्स्टर यांच्या भूमिका या विभागणीला छेद देतात.
२) साध्या, निरलंकार भाषेचा आग्रह हा स्वतःच एक वक्तृत्वप्रकार होता. त्याने सत्याची हमी दिली नाही. विश्वासार्हतेची खूण मात्र पुरविली.
३) ‘पोपपंथी’, ‘सॅड्युसी’, ‘नास्तिक’ यांसारख्या उपाध्यांनी वादाची दिशा पुराव्यांइतकीच, काही वेळा त्यांहून अधिक ठरविली.
४) प्रयोग उपलब्ध असूनही त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार सामाजिक प्रतिष्ठेशी बांधलेला होता. बरी सेंट एडमंड्सचा खटला हे याचे ठळक उदाहरण आहे.
५) वाद निवळला तो चेटूक अशक्य असल्याचे निर्णायकपणे सिद्ध झाल्याने नव्हे, तर प्रश्नाची मांडणी बदलल्याने. ‘हे शक्य आहे काय’ या प्रश्नाची जागा ‘या साक्षीवर जीव घेता येईल काय’ या प्रश्नाने घेतली.

समारोप :

कायदा बदलला तरी लोकमानस त्याच वेगाने बदलले नाही. १७५१ मध्ये हर्टफर्डशरमधील ट्रिंगजवळ रूथ ऑसबर्न या वृद्ध स्त्रीला जमावाने चेटकीण ठरवून पाण्यात बुडविले व त्यात तिचा मृत्यू झाला. या वेळी मात्र फासावर गेला तो जमावाचा म्होरक्या थॉमस कॉली. १७६८ मध्येही मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली चेटूक नाकारणे म्हणजे बायबल नाकारणे होय, असे आपल्या दैनंदिनीत नोंदवीत होते. ग्लॅनव्हिलची घसरणीची पायरी अद्याप पुरती मोडली नव्हती.

वस्तुस्थितीची भाषा वापरणारा प्रत्येक जण वस्तुस्थितीच सांगत असतो असे नाही, हा या वादाचा इतिहासाच्या अभ्यासकाला मिळणारा धडा आहे. तपशील, दिनांक, प्रतिष्ठित साक्षीदार आणि संयत शैली यांनी सजलेला वृत्तान्तही निर्दोष व्यक्तीला वधस्तंभापर्यंत नेऊ शकतो. त्यामुळे दस्तऐवजाची भाषा किती साधी आहे, यापेक्षा त्या भाषेत प्रश्न विचारण्यास किती वाव आहे आणि कोणाचे म्हणणे तिच्यात नोंदलेच गेले नाही, हे पाहणे अधिक अगत्याचे ठरते. किल्डविकच्या चर्चमध्ये एका तरुण धर्मोपदेशकाने एका मुलाला विचारलेला साधा प्रश्न या दृष्टीने त्या शतकातील अनेक ग्रंथांहून मोलाचा होता.